बाणाचं तोंड जाड, शेपूट बारीक

प्रश्न : मी पिट्सबर्गला राहते, वय ३४. वर्षभरापासून इथल्या एका गटात मध्ययुगीन लढाया शिकते आहे. येत्या ऑगस्टमध्ये पेन्सिक वॉर या मध्ययुगीन लढायांच्या मेळाव्यात धनुर्धारी म्हणून मैदानात उतरायचं आहे. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा साडेसहा. एक वापरलेलं हेल्मेट घेतलंय, त्याला समोर उभे-आडवे गज आहेत. गटातले एक जण म्हणतात, एक इंचाचा दांडा गजांतून आत जात नाही, म्हणजे हेल्मेट नियमात बसलं. दुसरे म्हणतात, जाळी लावल्याशिवाय बाणांसमोर उभी राहू नकोस. ऑफिसचा ‘झेड ८७ प्लस’ छापाचा सेफ्टी चष्मा आत घातला तर भागेल का? की लेसिक करून चष्म्याचा प्रश्नच मिटवावा? साताऱ्याहून आई रोज फोनवर म्हणते, ‘बाकी काहीही खेळ, डोळ्यांशी खेळू नकोस.’ तिला काय सांगू?

उत्तर : तुमचे दोन्ही सहकारी बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी वस्तू आहे. पहिल्यांच्या डोळ्यांसमोर बाणाचं तोंड आहे, दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेपूट. आमचं मत दुसऱ्यांच्या बाजूने आहे. जाळी लावा.

एक इंचाचा नियम कुठून आला ते बघितलं की गोंधळ उरत नाही. पेन्सिक वॉर जिच्या नियमांनी खेळतात ती सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम ही संस्था १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाली. तिच्या जड, म्हणजे चिलखत घालून करायच्या लढाईत तलवारी वेताच्या असतात आणि त्यांची जाडी किमान सव्वा इंच असते. म्हणून हेल्मेटच्या समोरच्या कुठल्याही फटीतून एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा दांडा आत जाता कामा नये, असा नियम आहे. लढाईतल्या बाणाचं बोथट टोकसुद्धा किमान सव्वा इंच, साधारण ३२ मिलिमीटर व्यासाचं असतं. तेही गजांवर अडतं. इथवर तुमचं हेल्मेट पास.

आता तोच बाण उलटा धरा. फायबरग्लासचा दांडा जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरचा. दोरी ज्यात बसते तो नॉक तेवढाच बारीक. गजांमधल्या वीस-बावीस मिलिमीटरच्या फटीतून तो सहज आत जाईल. बाण उलटा कशाला येईल, असं वाटेल; पण मैदानात ते घडतं. ढालीवर आपटलेला बाण हवेत गिरकी घेतो आणि शेपटाकडून तोंडावर येतो. कुणी तोल जाऊन पडतो, तिथेच गवतात एखादा बाण तिरका उभा असतो. उडताना टोक निखळतं आणि नुसता दांडा पुढे येतो. किंवा आधीच तडकलेला दांडा आपटल्यावर मोडतो आणि त्याचा टोकदार तुकडा उडतो. यातल्या उलट्या बाणासाठी शेपटाशी एक जाड रोधक बसवतात, म्हणजे नॉक गजांतून आत शिरत नाही. पण रोधक चिकटवलेला असतो, आणि चिकटवलेली वस्तू कधी ना कधी सुटते. मोडलेल्या दांड्याच्या टोकाला तर रोधक नसतोच. डोळ्यापुढची जाळी मात्र समोरच्याने बाण कसा बनवलाय यावर अवलंबून राहत नाही. ती तुमची असते.

डोळ्याची मापंही लक्षात ठेवा. खोबणीचं तोंड साधारण ४० मिलिमीटर रुंद आणि ३५ उंच, आत बुबुळासकट सगळा गोळा २४ मिलिमीटरचा. म्हणजे सव्वा इंची बोथट टोकसुद्धा उघड्या खोबणीत मावतं. ४० मिलिमीटरचा स्क्वॉशचा चेंडू डोळ्याला इतका वाईट का लागतो, त्याचं उत्तर याच मापात आहे. भुवईचं आणि गालाचं हाड त्याला अडवत नाही. फोमचे बाण आणि उघडे चेहरे असलेल्या लार्प खेळांत, म्हणजे काल्पनिक पात्रं बनून खेळायच्या खेळांत, बाणाचं टोक पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठं ठेवतात ते यासाठीच. म्हणून कुणी ‘टोक बोथट आहे, काही होत नाही’ म्हणून उघड्या चेहऱ्याने सरावाला उभं करत असेल, तर सरळ नाही म्हणा.

जाळी कशी असावी? भोक सहा मिलिमीटरच्या आत. पारखायला साधी पेन्सिल पुरते, ती सातेक मिलिमीटरची असते. पेन्सिल कुठूनही आत जाता कामा नये. डोळ्यांसमोर तर नाहीच, पण हनुवटीखालून, गालफडाच्या कडेने, हेल्मेट आणि जाळीच्या सांध्यातूनही नाही. कडा बहुतेक जण बघत नाहीत आणि फट तिथेच राहते. विणलेली तारेची जाळी घेऊ नका. टोक नेमकं दोन तारांमध्ये घुसलं की तारा बाजूला सरकतात आणि भोक मोठं होतं. छिद्रं पाडलेला पोलादी पत्रा उत्तम, नाहीतर प्रत्येक सांध्यावर वेल्ड केलेली जाळी. फेन्सिंगचा मुखवटा इथे चालत नाही, तो वेताच्या फटक्यासाठी बनवलेला नसतो.

बसवणं हे निवडण्याइतकंच महत्त्वाचं. जाळी गजांच्या बाहेरून लावली तर बाणाचा मार तिला गजांवरच दाबतो, हा फायदा. पण वेताच्या तलवारी तिच्या कडेत अडकून ती उचकटतात. धनुर्धाऱ्यालाही तलवारीचे घाव खावे लागतात, त्यामुळे आम्ही आतून लावायला सांगू. मात्र आतून लावलेल्या जाळीवर बाण आदळला की सगळा जोर बोल्टांवर येतो, म्हणून दर पाच सेंटिमीटरला एक रिव्हेट किंवा बोल्ट आणि प्रत्येकाखाली रुंद वॉशर हवा. बोल्टचं टोक आतल्या बाजूला उघडं राहू देऊ नका. कापून, घासून, त्यावर गोल टोपी बसवा. प्लास्टिकच्या केबल टायवर जाळी टांगायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. उन्हाने त्या ठिसूळ होतात आणि एका फटक्यात तुटतात. जाळीला आतून-बाहेरून काळा मॅट रंग द्या. चकाकी गेली की तिच्यातून पलीकडचं कितीतरी स्वच्छ दिसतं.

जाळीऐवजी डोळ्यांच्या फटीमागे तीन मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिक, लावणारेही आहेत. ते मजबूत असतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या ऑगस्टमधल्या दमट उकाड्यात दोन मिनिटांत वाफ धरतं. दिसेनासं झालं की माणूस नकळत हेल्मेट वर करतो, आणि सगळ्यात धोक्याचा क्षण तोच. शिवाय थिनर, अ‍ॅसिटोन, स्प्रे रंग, बोल्ट घट्ट करायचं रसायन यांतलं काहीही लागलं तर पॉलिकार्बोनेटमध्ये केसाएवढ्या तडा जातात आणि पुढच्या फटक्याला ते फुटतं. साबणाच्या पाण्याशिवाय त्याला काही लावू नका.

हेल्मेटचं बसणं आता, घरीच, आरशासमोर तपासा. पत्रा किमान १६ गेज, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. आत चहूबाजूंनी किमान अर्धा इंच बंद पेशींचा फोम. समोरचे गज हनुवटीच्या खाली किमान एक इंच यायला हवेत. हनुवटीचा पट्टा आवळून डोकं झटक्याने उजवीकडे-डावीकडे फिरवा. हेल्मेट मागे राहून डोळ्यांसमोर कड आली तर फोम कमी पडतोय. मग तळहाताने जाळी जोरात आत दाबा. नाक, भुवई किंवा चष्मा जाळीला टेकला तर अंतर अपुरं आहे. चष्म्याच्या काचेपासून जाळीपर्यंत निदान दोन बोटं मोकळी राहू देत. हेल्मेट वापरलेलं आहे, तेव्हा आतला फोम बदलाच. घामाने कडक झालेला फोम दाबला जात नाही, धक्का तसाच डोक्यापर्यंत पोचवतो.

आता चष्मा. ‘झेड ८७ प्लस’ची खूण खोटी नाही, पण ती कशाची परीक्षा आहे ते बघा. पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने काचेवर मारतात. गोळी जेमतेम एक ग्रॅमची, म्हणजे ऊर्जा सुमारे एक जूल. दुसऱ्या चाचणीत अर्ध्या किलोचं टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून सोडतात, ते सहा जूलच्या आसपास. आता पन्नास ग्रॅमचा बाण सेकंदाला २८ मीटर वेगाने येतोय असं धरा. वीस जूलच्या जवळ जातो. काच कदाचित फुटणार नाही, पण दोन काड्यांवर टेकलेली फ्रेम एवढा जोर घेऊन डोळ्यावर आणि नाकाच्या हाडावर दाबली जाईल. जाळीने तो जोर हेल्मेटवर, आणि हेल्मेटने फोममार्फत सगळ्या डोक्यावर वाटायचा असतो. चष्म्याला ते काम करता येत नाही. त्याने दुसरं काम करायचं : जाळीतून येणारी धूळ, गंजाचा कण, फायबरग्लासची कुसळं अडवणं.

हेल्मेटच्या आत तुमचा रोजचा चष्मा नको. भारतात सुट्टीत करून आणलेले चष्मे बहुतेक सीआर-३९ प्लास्टिकचे असतात. ते फटक्याने फुटून धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स काचांचा, मागून लवचीक पट्टा असलेला खेळाचा चष्मा नंबर घालून करून घ्या. फ्रेमला धातूच्या बिजागऱ्या नकोत. वजा साडेसहाला कड जाड येते, म्हणून फ्रेम लहान निवडा, म्हणजे हेल्मेटच्या आतल्या फोमला ती घासणार नाही. काँटॅक्ट लेन्स घातल्या तरी वरून बिननंबरचा असाच चष्मा हवा; लेन्स संरक्षण देत नाही, आणि धुळीच्या मैदानात तिच्याखाली कण गेला तर हेल्मेट न काढता काही करता येत नाही.

लेसिकबद्दल आमचं स्पष्ट मत : या खेळासाठी म्हणून करू नका. लेसिकमध्ये बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा उचलून पुन्हा बसवतात, आणि जोराच्या माराने तो वर्षांनंतरही सरकू शकतो. पापुद्रा न उचलणाऱ्या शस्त्रक्रियाही आहेत, त्यांबद्दल नेत्रतज्ज्ञांशी बोला. पण कुठलीही केली तरी एक गोष्ट बदलत नाही. सहाच्या पुढचा उणे नंबर म्हणजे लांबट डोळा, आणि त्यात मागचा पडदा ताणलेला, पातळ. माराने तो सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते. म्हणून हेल्मेटवर खर्च करण्याआधी बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना या खेळाबद्दल नीट सांगा. पडद्याला कुठे छिद्र किंवा विरळ जागा असेल तर लढाई की नुसती लक्ष्यावरची तिरंदाजी, हा निर्णय त्यांच्या सल्ल्यानेच व्हायला हवा.

तुमच्या डोळ्यांइतकाच समोरच्याच्या डोळ्यांचा विचार आहे, आणि तो धनुष्य-बाणाच्या मापांत आहे. हाताने ओढायच्या धनुष्याची ओढ २८ इंचांवर ३० पाउंडांपेक्षा जास्त चालत नाही. क्रॉसबोला ६०० इंच-पाउंड. म्हणजे साठ पाउंडांची ओढ असेल तर दोरीचा प्रवास दहा इंचच. धनुष्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, तराजूला लावून मोजा. हात लांब असलेला माणूस दोन इंच जास्त ओढतो आणि चार-पाच पाउंड सहज वाढतात, म्हणून बाण अशा लांबीचा ठेवतात की २८ इंचांवर त्याचं जाड टोक धनुष्याला टेकून ओढ थांबावी.

बाण तपासण्याचं काम कंटाळवाणं आहे, आणि डोळे वाचतात ते त्यातूनच. मारलेला प्रत्येक बाण पुन्हा मारण्याआधी तपासायचा, हा नियम आहे. कातडी हातमोजा घाला, कारण फायबरग्लासचं कुसळ त्वचेत गेलं की दिसतही नाही. आधी टोक : पिळून बघा, ओढून बघा, अंगठ्याने समोरून दाबा. आत दांड्याचं कडक टोक अंगठ्याला जाणवलं तर तो बाण बाद. दांड्याच्या टोकावर नाणं किंवा कडक चकती यासाठीच बसवतात, की दांडा रबर किंवा फोम फोडून पुढे येऊ नये. मग दांडा कानाजवळ धरून हलका वाकवा आणि फिरवत राहा. कुरकुर ऐकू आली तर आतले धागे तुटलेत. त्यावर लांबीने चिकटवलेली धाग्यांची टेप कुठे फाटली असेल तर तुकडे धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. शेवटी नॉकची चीर, रोधकाची पकड, आणि पिसांची पुढची टोकं. ती सुटी असतील तर तुमचाच हात कापतील. पाय पडलेला बाण दिसायला सरळ असला तरी त्या दिवसापुरता बाजूला. लाकडाचे आणि कार्बनचे दांडे या लढाईत आणूच नका, दोन्ही मोडताना लांब सुळे सोडतात. प्रत्येक बाणावर तुमचं नाव हवं.

यात चूक होते ती एकाच क्षणी. लढाई रंगात आलेली असते, भाता रिकामा असतो, पायाशी शत्रूचे चार बाण पडलेले असतात आणि हात आपोआप खाली जातो. तो बाण कुणी तुडवलाय का, तुम्हाला माहीत नाही. तपासल्याशिवाय तो दोरीला लावायचा नाही, मग किल्ला पडला तरी चालेल.

मैदानावर मार्शलचा, म्हणजे पंचाचा, शब्द अखेरचा. ‘होल्ड’ ऐकलं की जिथे असाल तिथे थांबा, बाण दोरीवरून काढा, धनुष्य खाली. त्या विश्रांतीत हेल्मेट वर करायचं नाही, घाम पुसायलाही नाही. ‘होल्ड’ नंतरही उशिरा सुटलेला एखादा बाण हवेत असतो. वाफ धरली, श्वास कोंडला, तर मैदानाबाहेर चालत जा आणि हद्दीपलीकडे हेल्मेट काढा. कपाळाला सुती रुमाल बांधलात तर ही वेळ कमी येईल. बाण सोडण्याआधी लक्ष्याच्या मागे कोण आहे ते बघा. पाणी देणारे आणि प्रेक्षक यांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि चुकलेला बाण पन्नास मीटर सहज जातो. अगदी जवळून मारायचं किमान अंतर सोसायटीच्या प्रत्येक ‘राज्या’च्या, म्हणजे विभागाच्या, नियमांत दिलेलं असतं, ते तुमच्या मार्शलकडून लिहून घ्या. आणि लढाईआधी चिलखत तपासणी होते तेव्हा जाळी मुद्दाम दाखवा.

पण मैदानातच सावध राहून भागत नाही. धनुष्याला दोरी चढवताना पायात अडकवून वाकवण्याची पद्धत आहे. पाय सरकला तर धनुष्याचं टोक उसळून थेट डोळ्यात येतं. स्ट्रिंगर नावाची दोरी थोड्याशा पैशांत मिळते, तीच वापरा. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, धनुष्याची पाती फुटतात. आणि टोकदार बाणांनी लक्ष्यावर सराव करताना, रुतलेल्या बाणांच्या शेपटांकडे नजर ठेवून चालत जा, धावत नाही. बाण उपटताना मागे कुणी उभं नसावं.

एवढं करूनही मार बसला, तर डोळा चोळू नका, दाबू नका, बर्फ टेकवू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर असा धरा की कड हाडावर टेकेल आणि डोळ्याला काही लागणार नाही. डोकं उंच ठेवून बसा, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून काही खाऊ-पिऊ नका, आणि थेट आपत्कालीन विभागात जा. दुखणं थांबलं म्हणून तंबूत झोपायचं नाही. डोळ्यात पुढे रक्त साकळलं असेल तर पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. चमकत्या रेघा, काळे ठिपके, कडेने पडदा सरकल्यासारखं दिसणं यांतलं काही आठवड्यांनंतर दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. रुतलेलं काही असेल तर त्याला हात लावू नका. १४०३ मध्ये इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात, नाकाशेजारी, बाण घुसला. दांडा निघाला आणि फाळ सहा इंच आत राहिला. तो काढायला जॉन ब्रॅडमोर या शल्यविशारदाला खास चिमटा घडवावा लागला.

आईंना समजूत घालणारं काही सांगू नका, त्यांची भीती रास्त आहे. पडद्याच्या तपासणीचा कागद हातात आला की त्यांना व्हिडिओ कॉल करा, जाळी बसवलेलं हेल्मेट समोर धरा आणि त्यांच्यादेखत पेन्सिल आत घालून बघा.